नाताळला परदेशी स्वयंसेवक येतोय? ठाण्यातल्या यजमानांसाठी पायरीपायरीने तयारी

आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मंडळींत) नाताळच्या आसपास एखादा तरी परदेशी मुलगा किंवा मुलगी येते. कुणी एखाद्या संस्थेत काम करायला आलेलं असतं, कुणी कुणाच्या मावसभावाच्या ओळखीने. आणि दर वर्षी त्याच त्या चुका होतात. त्या सगळ्या प्रेमापोटी होतात, हीच पंचाईत आहे. पाहुणा आला की त्याला पहिल्या बाकावर बसवायचं, हार घालायचा, माईक हातात द्यायचा, आणि कागदपत्रांची आठवण मात्र २६ तारखेला. म्हणून कशानंतर काय करायचं ते इथे लिहितोय. अनुभव कॅथलिक पॅरिशचा आहे. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट अशा प्रोटेस्टंट मंडळींकडे उपासनेचा भाग वेगळा असेल, पण कागद आणि पैशांचे नियम सगळ्यांना सारखेच.

१. आधी व्हिसा बघा, मग आमंत्रण द्या (नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत)

"येतोय ना, मग येऊ दे" असं म्हणून पुढे जाऊ नका. पासपोर्टचं पहिलं पान आणि व्हिसाचं पान मागवा. व्हिसाचा प्रकार कळल्याशिवाय त्याला काम देता येत नाही.

टुरिस्ट व्हिसा किंवा ई-टुरिस्ट व्हिसावर थोड्या दिवसांचं स्वयंसेवी काम चालतं. जास्तीत जास्त एक महिना, आणि त्या बदल्यात पैसे किंवा दुसरा कुठलाही मोबदला घ्यायचा नाही. त्याहून जास्त दिवस संस्थेत काम करणाऱ्यांना, पगार नसला तरी, साधारणपणे एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि त्यात संस्था ठरलेली असते. असा मुलगा तुमच्याकडे नाताळला आला तर तो भाविक म्हणून येतोय. त्याचं काम त्याच्या संस्थेत. तुमच्याकडे त्याने खुर्च्या उचलल्या तर कुणी विचारणार नाही, पण "आमचा स्वयंसेवक" म्हणून त्याचं नाव पत्रकावर छापू नका.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. मिस्साला (कॅथलिक उपासनेला) बसणं, प्रवचन ऐकणं, प्रार्थना करणं यावर कुठल्याही व्हिसावर बंदी नाही. पण धर्माचा प्रचार करणं, धर्मस्थळात भाषण करणं, धार्मिक पत्रकं किंवा ध्वनिफिती वाटणं हे साध्या व्हिसावर चालत नाही. धर्मकार्यासाठी येणाऱ्यांचा मिशनरी व्हिसा वेगळा असतो. म्हणजे कॉयरमध्ये चौथ्या रांगेत उभं राहून गाणं वेगळं आणि माईक धरून आपल्या श्रद्धेची साक्ष देणं वेगळं.

हे मी स्वतः करून बसलोय. काही वर्षांपूर्वी नाताळच्या गोठ्याच्या (येशूजन्माच्या देखाव्याच्या) उद्घाटनाला एका जर्मन मुलाला "दोन शब्द बोल" म्हणून पुढे ढकलला. बिचारा लाजत होता, पण एकदा सुरू झाल्यावर पाच मिनिटं बोलला. त्याची आजी, त्याचा विश्वास, ठाण्यातली माणसं. छान बोलला. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं, दुसऱ्या दिवशी ते भलत्याच मथळ्यासकट तीन ग्रुपांवर फिरत होतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आमचे सेक्रेटरी पोलीस ठाण्यात बसून समजावत होतो. प्रकरण चहावर मिटलं. मुलाचा मात्र सगळा सण भीतीत गेला.

*तपासा:* व्हिसाचा प्रकार, मुदत आणि किती वेळा प्रवेशाची परवानगी आहे, या तीन गोष्टी लिहून घेतल्या का? नाताळानंतर तो नेपाळ किंवा श्रीलंकेला जाऊन परत येणार असेल, तर तिसरी गोष्ट फार महत्त्वाची.

२. राहायची सोय आणि सी-फॉर्म (किमान दोन आठवडे आधी)

परदेशी माणूस तुमच्या घरी एक रात्र राहिला तरी तो पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत सी-फॉर्म (२०२५ च्या नव्या नियमांत त्याचं नाव फॉर्म III) ऑनलाइन भरावा लागतो. हॉटेलं भरतात म्हणून आपल्याला वाटतं की तो हॉटेलांचाच कागद. तसं नाही. घर, चर्चचं गेस्टरूम, कॉन्व्हेंट, सगळ्यांना तो लागू आहे.

क्रम असा ठेवा:

पहिलं म्हणजे ज्या घरात तो राहणार त्या घरमालकाच्या नावाने एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) पोर्टलवर यजमान म्हणून नोंदणी करा. ही नोंदणी मंजूर व्हावी लागते. पाहुणा रात्री दोनला विमानतळावर उतरला आणि तुम्ही तेव्हा लॅपटॉप उघडला, तर २४ तास मंजुरीची वाट बघण्यातच जातील.

दुसरं, पत्ता टाकताना पोलीस आयुक्तालय नीट निवडा. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर आणि मुंबई यांची आयुक्तालयं वेगळी आहेत. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे-पलीकडे राहणारे इथे हमखास चुकतात. ऐरोली पुलापलीकडचे तर ठाणे जिल्हा म्हणून सरळ ठाणेच निवडतात.

तिसरं, पाहुणा आला की त्याच दिवशी पासपोर्ट, व्हिसा आणि इमिग्रेशनच्या शिक्क्याचं पान मोबाईलमध्ये घ्या, एक फोटो काढा आणि फॉर्म भरून टाका. तो आधी कुठून आला, पुढे कुठे जाणार, परदेशातला पत्ता, हे सगळं त्यात विचारतात. तो जेटलॅगने झोपण्याआधी विचारून घ्या. झोपला की बारा तास गेलेच.

*इशारा:* २४ च्या रात्री उशीर झाला म्हणून पाहुणा दुसऱ्याच कुणाकडे झोपला, तर त्या घरालाही वेगळा सी-फॉर्म लागतो. म्हणून "कुणाकडेही झोपेल, आपलीच घरं आहेत" हे या बाबतीत चालत नाही. एक घर ठरवा आणि तिथेच परत आणा.

१८० दिवसांहून जास्त मुदतीच्या एम्प्लॉयमेंट व्हिसावर आला असेल, तर त्याने स्वतः भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी केलेली असायला हवी. ते काम त्याच्या संस्थेने करायचं. तुम्ही फक्त विचारून घ्या.

३. एकच माणूस जबाबदार

कमिटी नको. एकच माणूस. ज्याचा फोन रात्री अकराला लागतो असा. पॅरिश कौन्सिलचा अध्यक्ष नकोच, तो त्या आठवड्यात कुणालाच सापडत नाही. आमच्याकडे हे काम एक निवृत्त बँकवाल्या आंटी करतात. फादरांना पहिल्याच दिवशी भेटवणं, कम्युनिटीच्या अॅनिमेटरला (पॅरिशमधल्या आपल्या भागाच्या गटप्रमुखाला) कळवणं, सोसायटीच्या वॉचमनला नाव देऊन ठेवणं, ही सगळी कामं त्यांची.

पाहुण्याला पहिल्याच दिवशी हाका शिकवा: फादर, सिस्टर, आंटी, अंकल, आणि मराठी घरांत काकू, मावशी, दादा. त्यांच्याकडे सत्तर वर्षांच्या बाईलाही नावाने हाक मारतात. इथे त्याने "हाय ग्रेसी" म्हटलं की आजूबाजूचे दचकतात. ग्रेसी आंटींना मात्र आवडतं, असं आमच्या निदर्शनास आलं आहे.

४. काम असं द्या की हात चालतील (१० डिसेंबरपासून)

इथे जरा सविस्तर लिहितो. पाहुण्याला आपलंसं वाटतं की तो शोभेची वस्तू होतो, हे याच पायरीवर ठरतं.

*नाचणी पेरणं.* गोठ्यातलं हिरवं गवत बाजारातून आणू नका. पसरट ताटल्यांत किंवा मिठाईच्या खोक्यांच्या झाकणांत बोटभर माती घ्या, रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पेरा, वर ओलं फडकं टाका. मोड दिसले की फडकं काढा आणि सावलीतून हळूहळू उजेडात आणा. १२ ते १४ तारखेला पेरलं की २४ ला चांगलं बोटाएवढं होतं. हे काम पाहुण्याकडे द्या. रोज सकाळी शिंपडायला चर्चमध्ये यावं लागतं, म्हणजे आपोआप सगळ्यांची ओळख होते. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. पहिल्या वर्षी आमच्या मुलाने बादलीने घातलं आणि सगळी नाचणी एका कोपऱ्यात वाहून गेली. त्या वर्षी मेंढरांना चरायला एकच कोपरा होता.

*गोठा.* गोणपाट मातीच्या पातळ काल्यात बुडवून तारेच्या जाळीवर टाकायचं, वाळलं की खडक दिसतो. अंगमेहनतीचं काम आहे आणि भाषा लागत नाही. लायटिंगच्या वायरींना मात्र हात लावू देऊ नका. त्याच्या देशातला प्लग वेगळा आणि आपला तीन टेप लावलेला बोर्ड वेगळा. ते इलेक्ट्रिशियनचं काम.

*कलकल आणि कुसवार (नाताळचा फराळ).* कुणाच्या तरी घरी कलकलची बैठक असतेच. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून ओढायची, ती गुंडाळत आली की शंखासारखी होते. काटा नसेल तर नवी कोरी फणी. पहिल्या पन्नास गोळ्या वेड्यावाकड्या होणारच, त्या बाजूच्या ताटात टाका आणि त्याच घरच्यांना खायला ठेवा. एक गोष्ट मात्र बजावून सांगा: अंगठ्याने दाबताना दया करायची नाही. कलकल जाड राहिली की आतून कच्ची राहते.

*इशारा:* या बैठकीआधीच अॅलर्जी विचारा. आपल्याकडचं मार्झिपान बऱ्याच घरांत बदामाऐवजी काजूचं असतं. परदेशी माणूस "मार्झिपान म्हणजे बदाम" असं धरून बसलेला असतो. ज्याला बदाम चालतो आणि काजू चालत नाही, त्याला हे आधी कळायला हवं. फुग्यांत (मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांत) आणि कलकलमध्ये अंडं असतं, हेही सांगा.

मुलांच्या कार्यक्रमात त्याला घ्यायचं असेल, तर सोबत आपली दोन मोठी माणसं कायम हवीत. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि इन्स्टाग्रामवर तर मुळीच टाकायचे नाहीत. हे त्याला लाजतलाजत नव्हे, सरळ सांगा. त्यांच्याकडेही हे नियम कडक असतात, त्याला वाईट वाटत नाही.

५. घरोघरी नाताळगीतं

गटाबरोबर गाऊ दे, गिटार वाजवता येत असेल तर उत्तमच. पण तीन बंधनं पाळा. ज्यांनी बोलावलंय त्याच घरी जायचं. सोसायटीत शिरण्याआधी सेक्रेटरींना सांगायचं आणि गेटवरच्या वहीत त्याचं नाव खरं लिहायचं. आणि कुठलंही पत्रक, कार्ड, बायबलचा भाग त्याच्या हातून वाटायचा नाही, अगदी "मेरी ख्रिसमस"चं छापील कार्डसुद्धा आपल्या माणसाने द्यावं. अति वाटतं ना? मलाही वाटायचं, पोलीस ठाण्यातल्या त्या चहाआधी.

रात्री दहानंतर स्पीकर बंद. ढोलकीही आवरती घ्या.

रविवारच्या तालमीला त्याला एकट्याने लोकलने बोलावताना मेगाब्लॉक बघा. मुलुंडहून ठाण्याला "पाच मिनिटं" म्हणून निघालेला मुलगा तासाभराने घामाघूम होऊन आला होता. कार्यालयीन वेळेत डोंबिवलीकडून येणाऱ्या गाडीत तर पहिल्या आठवड्यात बसवूच नका.

६. मिस्साची आधीच ओळख करून द्या (२० ते २३ डिसेंबर)

नोव्हेना (नाताळआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) १६ तारखेला सुरू होतो. त्यातल्या एखाद्या दिवशी त्याला शेवटच्या बाकावर आपल्या माणसाशेजारी बसवा. २४ ची गर्दी हा शिकण्याचा दिवस नाही.

तो कॅथलिक असेल तर मराठी कळलं नाही तरी मिस्साचा क्रम त्याला कळतो. "आमेन" आणि "आलेलुया" जगभर तेच. नसेल तर ख्रिस्तप्रसादाचा (मिस्सात रांगेने घ्यायच्या पवित्र भाकरीचा) प्रश्न आधीच मोकळेपणाने बोलून घ्या: कॅथलिक नसलेल्यांनी घ्यायचा नाही, बाकावर बसून राहिलं तरी चालतं. ऐन रांगेत कुणीतरी मागून ढकलतं आणि तो फादरांसमोर जाऊन उभा राहतो, तेव्हा दोघांचीही अवघड स्थिती होते. मी दोनदा पाहिलंय.

शांतीची खूण आपण हात जोडून देतो. तो हात पुढे करतो, कधी मिठीच मारायला जातो. आधी सांगा. मिस्सानंतर बाळयेशूच्या मूर्तीपुढे रांग लागते, तिथे पुढचा माणूस करेल तसं करायचं.

कपडे: गुडघे आणि खांदे झाकलेले. त्याच्या मते डिसेंबर म्हणजे उन्हाळा. दुपारी तिशी गाठणाऱ्या ठाण्यात तो अर्ध्या चड्डीत फिरतो आणि तसाच येतो. एक साधा कुर्ता द्या. नवा, जरीचा, झगमगीत नको. नाहीतर पुन्हा तोच शोभेचा प्रकार.

*तपासा:* तो कुठे बसणार हे ठरलंय का? पहिला बाक नको. पुढे बसला की त्याला मागचं बघून उठता-बसता येत नाही.

७. २४ ची संध्याकाळ

खुल्या मैदानावर मिस्सा असेल तर वेळ आधी नक्की विचारा. नावाला "मध्यरात्रीची मिस्सा" असली तरी ती अनेक ठिकाणी लवकर सुरू होते, कारण रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत स्पीकरला बंदी असते. सणांसाठी वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण ती मिळालीय की नाही हे दर वर्षी पाहावं लागतं. आमच्या एका पाहुण्याने तिकडच्या सवयीने साडेअकराला यायचं ठरवलं. तो आला तेव्हा खुर्च्या रचल्या जात होत्या. मग त्याने त्याच रचल्या.

त्या दिवसाचा क्रम: दुपारी झोप. पाचला हलकं खाणं. सहाच्या आत चर्चमध्ये. तलावपाळीच्या रस्त्यावर सातनंतर रिक्षा हलत नाही, आणि घोडबंदर रोडवरून येणार असाल तर अर्धा-पाऊण तास जास्त धरा. अंगाला ओडोमॉस, पिशवीत बंद बाटलीतलं पाणी आणि एक शाल, कारण उघड्यावर दव पडतं. पासपोर्टची प्रत जवळ, मूळ पासपोर्ट घरी कुलपात.

काम एकच द्या: खुर्च्यांच्या रांगा, किंवा पाण्याची बाटली वाटणं, किंवा म्हाताऱ्यांना हात धरून बसवणं. शेवटचं सगळ्यात बरं. आमच्याकडे एक पोलिश मुलगी होती. तिने पूर्ण संध्याकाळ गेटपासून खुर्चीपर्यंत आजीआजोबांना आणलं. तिला मराठीतलं फक्त "हळू" येत होतं. त्या एका शब्दावर तिने साठएक माणसं बसवली.

बंदोबस्ताच्या पोलिसांना जबाबदार माणसाने आधीच भेटून सांगावं की आमचा एक परदेशी पाहुणा आहे, कागद असे आहेत. पोलिसांनी विचारायची वाट बघू नका.

८. २५ चं जेवण

पानात काय आहे ते वाढण्याआधी सांगा. सोरपोटेलमध्ये डुकराची कलेजी वगैरे असते. खाल्ल्यावर सांगण्यात मजा नाही. इंद्याल या मांसाच्या रश्शाचा मसाला आपल्याला सौम्य वाटतो, त्याला नाही. फुगे सगळ्यांना आवडतात, तिथून सुरुवात करा.

"अजून घे" तीनदा. चौथ्यांदा नको. आणि एका दिवसात सहा घरं नकोत. तीन पुरे, आणि पहिलं घर राहतो तेच.

*इशारा:* अठरा-एकोणीस वर्षांच्या पाहुण्याच्या हातात ग्लास देऊ नका. तिकडे त्याला चालत असेल, महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. "सणाला काय होतंय" म्हणणारे अंकल प्रत्येक घरात एक असतात, त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

९. पैसे

जाताना तो चर्चला काहीतरी द्यायला बघतो. ते घेऊ नका. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी ही रुपयांत दिली तरी विदेशी देणगीच धरली जाते. ती घ्यायला ट्रस्टची एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि पैसे नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. आपल्या ट्रस्टकडे हे आहे का, एवढंच खजिनदारांना विचारा. नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. वैयक्तिक गुगल पेवर घेऊन "मग चर्चला देऊ" हा मार्ग तर मुळीच नाही, त्यात तुम्हीही अडकाल.

त्याला काही द्यावंसंच वाटत असेल, तर पुढच्या वर्षीच्या गोठ्यासाठी त्याच्याकडून दोन दिवसांचं काम घ्या. ३१ च्या म्हाताऱ्यासाठी (वर्ष संपताना जाळायच्या पुतळ्यासाठी) पैसे मागत पोरं त्याच्या मागे लागतील. त्यांना दहा रुपये दिले तरी चालतात, पण मग सगळ्या गल्लीची पोरं येतात, एवढं त्याला सांगून ठेवा.

१०. गोठा उतरवणं

तीन राजांच्या सणापर्यंत (जानेवारीच्या सुरुवातीला) तो थांबणार असेल तर गोठा त्याच्याकडूनच उतरवून घ्या. मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, उंटांचे पाय आधी, कारण तेच तुटतात. वाळलेली नाचणी मातीसकट झाडांना. तार वेगळी, गोणपाट वेगळं.

आणि खोक्यांवर नावं लिहिताना आपल्यापैकी कुणीतरी शेजारी बसा. आमच्याकडे एकदा सगळी खोकी जर्मनमध्ये लिहून ठेवलेली निघाली. पुढच्या डिसेंबरात मेंढरं शोधायला आम्हाला नऊ खोकी उघडावी लागली, आणि दहाव्यात लायटिंग होतं.